नानांची चौथी आंघोळ

नाना दिवसातून चार वेळा आंघोळ करू लागले, तेव्हा घरात कुणी चकार शब्द काढला नाही. ते न बोलणंच नानांना जास्त लागलं.

सकाळची पहिली आंघोळ नेहमीची. दुसरी जेवणाआधी, तिसरी चार-साडेचारला आणि चौथी दिवे लागायच्या वेळी, मुलगा कामावरून परत यायच्या सुमाराला. नळ जरा टपकला तरी घर डोक्यावर घेणारा मुलगा, पण बापाच्या बादल्यांचा हिशेब त्याने कधी विचारला नाही. सुनेने तर न सांगता साबणाच्या दोन जादा वड्या आणून कोनाड्यात ठेवल्या. नानांनी त्या पाहिल्या आणि समजायचं ते समजले.

बेचाळीस वर्षं नाना चष्म्याच्या दुकानात उभे होते. बाहेरून बघणाऱ्याला तो धंदा काचांचा वाटतो, पण खरा धंदा जवळिकीचा. चष्मा बसवायचा म्हणजे गिऱ्हाइकाच्या नाकाला नाक लागेल इतकं जवळ जावं लागतं, कानामागे बोटं न्यावी लागतात, दांडी कुठे टोचते ते हळूच विचारावं लागतं. अशा वेळी तुमच्या तोंडाला, कपड्यांना, घामाला जरा जरी वास आला तरी गिऱ्हाईक बोलत नाही, फक्त मान मागे घेतं. आणि पुढच्या खेपेला दुसऱ्या दुकानात जातं. म्हणून नानांनी जन्मभर इस्त्रीचा सदरा घातला, नखं रोज तपासली, दुकान बंद होईपर्यंत कच्चा कांदा तोंडात घातला नाही आणि गालात एक लवंग धरली. बायको हयात होती तेव्हा म्हणायची, ह्यांना देवाने नाक दिलं ते फक्त स्वतःचा वास घ्यायला. बायको गेली, दुकान सुटलं, पण लवंग सुटली नाही.

आणि अशा माणसावर म्हातारपणी ही वेळ यावी.

झालं होतं ते असं. पाच महिन्यांपूर्वी नानांचं लघवीच्या वाटेचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं की काही महिने खोकताना, हसताना थोडं नकळत गळेल, घाबरू नका, आपोआप थांबेल. पॅडचा एक गठ्ठा दिला, ते कसं लावायचं ते दाखवलं. नानांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांना पहिल्यांदा तो वास आला. नानांची खोली तळमजल्यावर, मागच्या बाजूला. खोलीलाच लागून न्हाणीघर, त्यामुळे आजारी माणसाला सोयीचं. दुपारी पडल्या पडल्या नाकाशी काहीतरी आलं. कुजकट, शिळं, घशाशी बसणारं. त्यांनी पांघरूण हुंगलं, बाही हुंगली. काही कळेना. उठून आंघोळ केली. वास गेला. दोन-तीन तासांनी परत आला. परत आंघोळ केली, परत गेला.

आंघोळ केली की जातो, नाही केली की येतो. आता ह्याहून वेगळा पुरावा तो काय हवा होता? नानांनी स्वतःवर खटला भरला, स्वतःच साक्ष दिली आणि निकालही स्वतःच लावला.

मग ज्याच्या-त्याच्या वागण्यात त्यांना तोच निकाल दिसू लागला. नात सहा वर्षांची, तिला सगळे चिमणी म्हणत. ती रंगखडू घेऊन नानांच्या खोलीत जमिनीवर पालथी पडायची. एक दिवस मान वर करून, नाक मुरडून म्हणाली, नाना, तुमच्या खोलीला वास येतो. तिची आई बोळातच होती. तिने लगेच पोरीला हाक मारली, बाहेर नेलं आणि कुजबुजून काहीतरी सांगितलं. नानांचे डोळे अधू होते, कान शाबूत होते. शब्द कळले नाहीत, पण कुजबुज कळली. त्यानंतर चिमणी यायची, नाही असं नाही. पण आली की तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायची, सर्दी झाल्यासारखी. आईने शिकवलं असणार. लेकराला इतकं शहाणं केलेलं पाहून नानांना गलबलून आलं.

मुलाने एकदा अत्तराची बाटली आणली. विचारलं तर म्हणाला, असंच, दिसली म्हणून घेतली. जन्मात ह्या मुलाने कधी काही 'असंच' आणलं नव्हतं. सुनेने फरशी पुसायच्या पाण्यात फिनाईल वाढवलं, ती खिडकी उघडी ठेवायला लागली. कुणी म्हणजे कुणी वावगं वागलं नाही. सगळे इतके जपून वागत होते की नानांना वाटे, ह्यापेक्षा एकदा तोंडावर म्हणा की म्हाताऱ्या, नीट धुवत जा.

त्यांनी संध्याकाळचं तळ्याकाठी जाणं बंद केलं. तिथे दोन मित्र असायचे, एक निवृत्त तिकीट तपासनीस आणि दुसरा छापखान्यात मुद्रितं वाचायचा. दोघेही नानांना मध्ये बसवायचे, कारण नानांना दोन्हीकडून ऐकू यायचं. आता मध्ये बसायचं म्हणजे दोघांच्याही नाकाखाली बसायचं. गुडघा दुखतो असं सांगून नानांनी ते टाळलं. चादरी स्वतः धुवू लागले. पॅड वर्तमानपत्राच्या तीन-तीन पदरांत गुंडाळून, चार घरं पलीकडे जाऊन टाकून येऊ लागले.

शेवटी एके दिवशी बँकेत जातो असं सांगून ते गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात जाऊन आले. तिथल्या कारकुनाने अर्ज दिला. घरी येऊन त्यांनी नाव लिहिलं, वय लिहिलं, आजार लिहिले. पुढे रकाना होता, 'प्रवेश घेण्याचे कारण'. तिथे नानांचं पेन बराच वेळ अडलं. अखेर त्यांनी लिहिलं, स्वेच्छेने.

अर्जावर मुलाची नाहीतर मुलीची सही हवी होती. मुलाला सांगायची छाती होईना. म्हणून नाना अर्ज पिशवीच्या तळाशी घालून लेकीकडे निघाले. लेक तीन तासांच्या अंतरावर दुसऱ्या गावात राहत होती. बसमध्ये ते मुद्दाम सगळ्यात मागे, खिडकीशी बसले.

लेकीचं नाक भलतं तिखट. लहानपणी फाटकातूनच सांगायची, आज दूध उतू गेलंय. म्हणून तिच्यासमोर नाना पहिले दोन दिवस अंग चोरून वावरले. तिथेही चार आंघोळी चालूच. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, अंगाला खाज-बिज सुटते का हो? नाना म्हणाले, उकडतं गं. बाहेर चांगला गार वारा सुटला होता. तिने नाक मुरडलं नाही की खिडकी उघडली नाही. उलट येता-जाता त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसायची. नाना मनात म्हणत, लेकच ती, दाखवेल कशी. स्वतःच्या नाकालाही तिथे काही जाणवत नव्हतं, पण त्यांनी त्याचा अर्थ लावला की आता आपलं नाकही सरावलं. माणसाने एकदा ठरवलं की सुटकेचा पुरावासुद्धा तो स्वतःविरुद्धच लावतो.

अर्ज काही पिशवीतून बाहेर आला नाही. आठव्या दिवशी सकाळी सुनेचा फोन आला.

"नाना, आज निघताय ना? निघाच. मी एकांना बोलावलंय घरी. तुम्ही असताना यायला हवं."

कोण म्हणून विचारलं तर म्हणाली, या तर खरं, आल्यावर सांगते. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. बसभर नाना तर्क करत आले. डॉक्टर असेल. नाहीतर नर्स ठेवली असेल. नाहीतर त्यांनीही वृद्धाश्रमाची चौकशी केली असेल आणि तिकडचं माणूस आपल्याला बघायला येत असेल. ह्या शेवटच्या तर्काने त्यांना रडू यायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर थोडं हलकं वाटलं. आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही, एवढं तरी झालं.

दार सुनेनेच उघडलं. पिशवी घेतली, पाणी दिलं. पण नेहमीसारखी बाजूला सरली नाही, समोरच उभी राहिली, अगदी जवळ. मग म्हणाली, खोलीत चला.

खोलीत पलंग भिंतीपासून ओढलेला. न्हाणीघराचं दार सताड उघडं. आत एक पन्नाशीच्या बाई गुडघ्यांवर बसलेल्या, पदर खोचलेला, शेजारी लोखंडी पेटी, पाने, तारेचं वेटोळं. पाणी जायची जाळी काढून भिंतीशी उभी करून ठेवली होती. आणि वास. पाच महिन्यांत आला नव्हता एवढा उग्र. नानांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आत्ता तर पाऊल टाकलं आणि लगेच सुरू.

"नाना," सून म्हणाली, "तुम्ही आठ दिवस इथे नव्हता. खोली बंद होती. चादरी, कपडे सगळं धुतलेलं होतं. आणि वास दुप्पट झाला. पार स्वयंपाकघरापर्यंत आला." तिने न्हाणीघराकडे बोट दाखवलं. "वास तुमचा नव्हता."

नाना पलंगाच्या कडेवर बसले. कुणाला वाटेल, त्यांना तिथल्या तिथे हायसं वाटलं असेल. तसं झालं नाही. आधी काळजात कळ आली. पाच महिने ज्या गोष्टीचं नाव कुणी घेतलं नव्हतं, ती आज पहिल्यांदा कुणीतरी बोललं होतं.

"म्हणजे तुम्हाला वाटत होतं," ते म्हणाले.

सुनेला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "हो. वाटत होतं." आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

तेव्हा आतून प्लंबरबाईंनी मान वळवली आणि कामाचं विचारलं. वास किती दिवस येतोय? नाना म्हणाले, पाच महिने. सारखा येतो की मधून मधून? मधून मधून. कमी कधी होतो? नानांना लाज वाटली, पण सांगितलं, आंघोळ केल्यावर. बाईंनी 'हं' केलं, जणू कुणी त्यांना हरवलेली किल्ली आणून दिली. मग विचारलं, वर कोण राहतं आणि कधीपासून?

वरची खोली नवीनच चढवलेली होती. मुलगा, सून आणि चिमणी तिथे झोपायला लागले होते. सुनेने बोटांवर महिने मोजले आणि मध्येच थांबली. ज्या आठवड्यात नाना दवाखान्यातून घरी आले, त्याच आठवड्यात ती तिघं वर राहायला गेली होती. वरचं संडास-न्हाणीघर तेव्हापासूनच वापरात होतं.

"इकडे या जरा," बाई नानांना म्हणाल्या. "दाखवते."

त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. जाळीखाली एक वाकडी वाटी असते. तिच्यात कायम थोडं पाणी थांबून राहतं. ते पाणी म्हणजेच झाकण. खालच्या गटाराच्या नळातली घाण हवा त्याच्यामुळे वर येत नाही. वाटी कोरडी पडली की न्हाणीघर आणि गटार एकच. "तुम्ही आंघोळ करता, वाटी भरते, वास थांबतो. मग ते पाणी कुणीतरी पिऊन टाकतं, आणि वास परत येतो. कोण पितं ते आता बघू."

बाईंनी बादलीभर पाणी ओतलं. वाटी भरली. वास खरोखरच ओसरला. त्यांनी विजेरीचा झोत आत सोडला आणि सुनेला वर पाठवलं. नाना भिंतीला हात टेकून वाकले. काळ्या भोकात पाण्याची एक शांत टिकली चमकत होती.

वर सुनेने फ्लश केलं. भिंतीतून पाणी धाडधाड खाली आलं. आणि ती टिकली थरथरली, खाली खचली, एखाद्याने तहानेच्या भरात शेवटचा घोट ओढावा तसा घळकन आवाज झाला, आणि पाणी गेलं. नुसतं काळं भोक उरलं. दोन श्वासांनी त्यातून वास वर आला आणि दोघांच्या तोंडावर आदळला. तोच. कुजकट, शिळा, घशाशी बसणारा.

"हाच," नाना म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक होता की बाईंना दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

मग ते म्हणाले, "परत एकदा करा."

परत केलं. तिसऱ्यांदा बादली नानांनी स्वतः भरली आणि स्वतः ओतली. तिन्ही वेळा पाणी तसंच गेलं. तिसऱ्या खेपेला नाना हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांत पाणी आलं. हसताना थोडं गळलं, ते त्यांना कळलं. त्या क्षणी त्याचं काहीसुद्धा वाटलं नाही.

पाणी का जातं, ह्याचं कारण बाईंनी वर जाऊन शोधलं. घराचा सांडपाण्याचा मोठा नळ पूर्वी सरळ गच्चीच्या वर निघायचा, उघड्या तोंडाचा. वरची खोली बांधताना गवंड्याला तो मध्ये आला. त्याने तो कापला, त्यालाच नवीन संडास जोडलं आणि वरचं तोंड सिमेंटने लिंपून टाकलं. दिसायला चकचकीत काम. बाई खाली येऊन म्हणाल्या, तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल कसं गचके खात येतं? दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते. इथे दुसरं भोकच बुजवलंय. वरून पाणी पडतं, त्याच्या मागे हवा लागते, वरून मिळत नाही, मग जवळ जे तोंड सापडेल तिथून ते हवा ओढतं. जवळचं तोंड म्हणजे तुमची न्हाणी.

हे सांगताना त्या सारख्या मनगटाने चष्मा वर सारत होत्या. दोन्ही हात बरबटलेले आणि चष्मा नाकावरून घसरतोय. नाना मघापासून तेच बघत होते. बेचाळीस वर्षांची सवय, बोटं शिवशिवत होती. शेवटी त्यांच्याने राहवेना.

"चष्मा द्या इकडे," ते म्हणाले.

त्यांनी कपाटातून छोटी डबी काढली. त्यात सुईएवढा पेचकस होता. डाव्या दांडीचा स्क्रू अर्धा बाहेर आला होता, तो बसवला. दांड्यांची टोकं गरम पाण्यात धरून किंचित वळवली, काचा सदऱ्याच्या टोकाने पुसल्या. बाईंचे हात अजून घाणच होते, म्हणून नाना पुढे झाले आणि चष्मा त्यांच्या डोळ्यांवर स्वतः चढवला. कानामागे बोटं नेली, मान तिरकी करून दोन्ही बाजू एका रेषेत आहेत का ते पाहिलं. आणि मध्येच त्यांच्या लक्षात आलं की आपण एका परक्या माणसाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर उभे आहोत. पाच महिन्यांत ते स्वतःहून कुणाच्या इतक्या जवळ गेले नव्हते. बाईंनी मान मागे घेतली नाही. श्वासही रोखला नाही.

"टोचतोय का कुठे?" नानांनी विचारलं.

"नाही हो. चार वर्षांत पहिल्यांदा जागेवर बसलाय."

दुरुस्तीला दोन दिवस लागले. बाईंनी वरच्या न्हाणीघराची भिंत फोडून नळाला नवा पाइप जोडला आणि तो गच्चीच्या कठड्याच्याही वर, खिडक्यांपासून लांब नेऊन सोडला, म्हणजे घाण हवा आकाशात जाईल, घरात नाही. टोकाला जाळीची टोपी घातली, पाखरांनी घरटं करू नये म्हणून. खालच्या न्हाणीची वाटी होती तिथून जवळच आणखी एक बारीक पाइप काढून वर त्याला जोडून दिला. गवंड्याबद्दल त्या वाईट बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, भिंत बांधणाऱ्याला भिंत दिसते, हवा दिसत नाही.

मग परीक्षा झाली. वर फ्लश करायचं काम चिमणीला दिलं. खाली नाना, सून आणि बाई विजेरीभोवती वाकून बसले. वरून पाणी धाडधाड आलं. टिकली नुसती थरथरली आणि जागच्या जागी थांबली. परत केलं, परत थांबली. खालून "बास" म्हणून ओरडलं तरी चिमणीचं काही बास होईना. उभ्या जन्मात तिला इतकं पाणी उडवायची मोकळीक कधी मिळाली नव्हती. नऊ वेळा केलं तिने. नवव्यांदाही पाणी हललं नाही, तेव्हा बाईंनी जाळी बसवली, हात धुतले आणि चष्म्याला हात न लावता निघून गेल्या.

दुपारी सून स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. नाना स्टूल ओढून तिच्याजवळ बसले. मग तीच म्हणाली की तिने विचारायला हवं होतं. पहिल्याच आठवड्यात विचारायला हवं होतं. रोज ठरवायची आणि रोज जीभ अडायची. तुमचा अपमान होईल असं वाटायचं.

"विचारलं असतंस तर मी खोटंच बोललो असतो," नाना म्हणाले. "म्हटलं असतं, कसला वास? मला नाही येत. मग तूही गप्प बसली असतीस."

सून ओल्या डोळ्यांनी हसली. तेव्हा नानांनी तिला अर्जाचं सांगितलं. कारणाच्या रकान्यात काय लिहिलं तेही. तिच्या हातातलं फडकं थांबलं. ती रागावली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती त्यांच्यावर सरळ, मोकळी रागावली. इथे माणसं जिवंत असताना तुम्ही परस्पर अर्ज भरता, कुणाला विचारून, असं बरंच काही बोलली. नानांनी सगळं ऐकून घेतलं. बोलणी खाताना इतकं बरं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

मग आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, जी ते कुणालाच सांगणार नव्हते. म्हणाले, अजून थोडं गळतं मला. पूर्वीपेक्षा कमी आहे, पण आहे. सुनेने मान हलवली. म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं. आणि ते गुंडाळून चार घरं पलीकडे नेऊ नका, मी झाकणाचा डबा आणते न्हाणीघरात ठेवायला. एवढं बोलून ती भांडी पुसायला लागली. पाच महिन्यांचं ओझं दोन वाक्यांत उतरलं.

लेकीला फोनवर सगळं कळलं तेव्हा ती आधी हसली, मग भावावर उखडली, मग परत हसली. म्हणाली, माझ्याकडे तुम्ही दिवसभर न्हाणीत असायचात, मला वाटलं वय झालं की माणसं विचित्र होतात, आता कशाला बोला. वास? छे. तुम्हाला लवंगेचा वास येतो, तो मात्र अजून माझ्या उशीला आहे.

त्या संध्याकाळी मुलगा नेहमीपेक्षा लवकर घरी आला. गवंडी त्यानेच शोधला होता, वरचं कामही त्यानेच उभं राहून करून घेतलं होतं. दुपारचं बोलणं, अर्जासकट, बायकोने फोनवर सांगितलंच होतं. बूट काढून तो थेट मागच्या खोलीत आला. दारात क्षणभर थांबला. काहीतरी बोलायचं असावं, पण हा मुलगा असल्या गोष्टी बोलणाऱ्यातला नाही, ते नानांना माहीत होतं. नानांनीही मदत केली नाही. तो आत आला आणि पलंगावर, नानांच्या पायांशी बसला.

नाना दवाखान्यातून आल्यापासून तो त्या पलंगावर बसला नव्हता. रोज येऊन विचारपूस करायचा, औषधं बघायचा, पण उभ्याउभ्याच.

बसला आणि त्याने आपल्या साहेबाची गोष्ट काढली. साहेबाने कसं दुसऱ्याचं काम ह्याच्या गळ्यात मारलं, वर कसा सगळ्यांसमोर ह्यालाच बोलला, मग ह्याने काय उत्तर दिलं आणि काय द्यायला हवं होतं. गोष्ट लांब होती, त्यात माणसं फार होती आणि नानांना त्यातलं कुणी माहीत नव्हतं. ते 'हो का' आणि 'मग' म्हणत राहिले. बोलता बोलता मुलाने पाय वर घेतले, उशी ओढून पाठीला लावली आणि आडवाच झाला. त्याच्या केसांना दिवसभराच्या घामाचा वास येत होता. नानांनी पांघरुणाचं एक टोक त्याच्या पायांवर टाकलं.

"मग?" ते म्हणाले. "पुढे काय झालं?"

मुलगा पुढचं सांगू लागला. सूनबाईंनी जेवायला हाक मारली, दोघांनीही 'आलो' म्हटलं, आणि दोघंही बराच वेळ उठले नाहीत.